बर्फातला तंगूस

साठीची होते मी तेव्हा, म्हणजे अगदीच पोर. केस काळे करायची, जिना चढताना गुडघा दुखला तर जिन्यालाच बोल लावायची, आणि समोरच्यानं प्रश्न पुरा करायच्या आत उत्तर देऊन मोकळी व्हायची. आज ती बाई मला रस्त्यात भेटली तर मी तिला चहाला बोलवीन, पण तिच्याकडून सल्ला काही घेणार नाही.

मस्कतला हमरियात आमचं घर होतं. तिसरा मजला, खाली शिंप्याचं आणि मोबाईल दुरुस्तीचं दुकान. त्या घरात एके काळी पाच माणसं होती: आम्ही दोघं, मुलगी, जावई आणि नात. मुलगी-जावई दोघंही कामावर, त्यामुळे नात नऊ वर्षांची होईपर्यंत माझ्याच हाताखाली वाढली. मग जावयाचे कॅनडाचे कागद झाले आणि तिघं गेली. त्याच सुमारास ह्यांना कंपनीनं सोहारच्या पोलादाच्या कारखान्यावर पाठवलं. तिथे कंपनी खोली द्यायची ती एकट्या पुरुषाला. हे गुरुवारी संध्याकाळी यायचे, शनिवारी संध्याकाळी परत जायचे. मधले दिवस घरात मी आणि फ्रीज. फ्रीज अधूनमधून घुरघुरायचा, म्हणून त्याला माणसांत धरते.

एकटेपणाचं लोक फार मोठं करून सांगतात. मला आठवतात त्या बारीक गोष्टी. हाताला सवय पाच माणसांची, त्यामुळे भात उरायचा; मग रात्री तोच, सकाळी त्यालाच फोडणी. एकदा दुपारी चार वाजता खाली भाजीवाल्याशी बोलायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. सकाळपासून वापरलाच नव्हता. भाजीवाला केरळचा, तो हिंदीत म्हणाला, "मॅडम, तबियत ठीक नहीं?" मी म्हटलं, "एकदम ठीक," आणि गरज नसताना दोन किलो कांदे घेतले.

फोनवर फुकट बोलायची ॲपं तेव्हा ओमानात धड चालत नसत. जाताना जावयानं काहीतरी खटपट करून माझ्या फोनात एक घालून दिलं होतं. ते लागलं तर लागायचं. लागलं की मुलगी आधी ह्यांची साखर आणि माझा गुडघा विचारायची आणि मग हाक मारायची, "ये गं, आजीशी बोल." नात यायची. "हाय आजी. फाईन. हो, जेवले. स्कूल छान. बाय आजी." मी एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मोजलं. एकवीस सेकंद. त्यात दोनदा "बाय" होतं.

जाऊन आठ महिने झाले होते. जानेवारीतला एक दिवस. फोन लागला आणि पडद्यावर आधी नातच आली.

"आजी, तू कुठला लाईन यूज करायची? फिशिंगला?"

मी खुर्चीवरून उठून उभीच राहिले. आठ महिन्यांत तिनं मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"का गं?"

"इकडे लेक फ्रीज झालाय. पूर्ण. त्याच्यावर कार जाते, आजी, रिअल कार. आईसमधे होल करतात आणि फिश पकडतात. माझ्या क्लासमधली एक मुलगी आहे, तिची फॅमिली जाते. तिनं मला बोलावलंय. मी तिला सांगितलं, माझी आजी एक्सपर्ट आहे. ती म्हणाली, रिअली? मी म्हटलं, हो, रिअली. म्हणून मला माझा लाईन न्यायचाय."

"मैत्रीण का तुझी?"

"आय थिंक सो." मग आई ऐकत नाही ना असं मागे वळून बघून ती हळू म्हणाली, "एकच आहे."

आता इथे शहाण्या बाईनं काय म्हणायला हवं होतं? "बाळा, तुझी आजी रत्नागिरीकडच्या खडकांवर शिकली. तिथे पाणी गोठत नाही, उलट चटके बसतात. तू तिकडच्याच दुकानात विचार." एवढं सांगून गप्प बसायचं. मी म्हटलं, "अगं, त्यात काय एवढं! बर्फातला तंगूस वेगळा असतो. मी पाठवते."

जिथे तलावावरून मोटारी जातात त्या देशात बर्फातल्या मासेमारीचा दोरा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत असणार, ही शंका मला आली नाही असं नाही. आली. मी तिला बसू दिलं नाही.

तंगूस म्हणजे गळ बांधायचा नायलॉनचा दोरा. माझे वडील होडीवर जायचे, आणि घरात चुलीशेजारी मिठाची बरणी तशी आमच्या पडवीत तंगुसाची गुंडाळी असायची. गळ टाकून मासे धरायला आम्ही गरवणं म्हणतो. मुलींनी गरवायला जायचं नसे, म्हणून मी जायचे. काठी-बिठी काही नाही. दोरा सरळ हातात, पहिल्या बोटावरून सोडलेला. खाली मासा आमिषाला नुसतं तोंड लावून गेला तरी बोटाला कळतं. लग्नानंतर हे सगळं सुटलं, ते पुन्हा आलं मस्कतात नातीमुळे. शुक्रवारी सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही कुरुमच्या पुढच्या खडकांवर जायचो. डोक्यावर माझी ती परातीएवढी टोपी. फोटोत बघितली की आता मलाच हसू येतं. नात सहा वर्षांची असताना तिनं पहिला मासा धरला, बोटाएवढा. त्याला घरी आणून तळायचा हट्ट धरला आणि तळल्यावर रडली. अशी ती एक्सपर्टची शिष्या.

दुसऱ्याच दिवशी मी दुकानात गेले. हमरियाच्या गल्लीत होतं ते. बाहेर प्लास्टिकच्या बादल्या आणि दोरखंड लटकवलेले, आत काचेच्या कपाटात गळ, शिसं आणि तंगुसाची रिळं. मालक दापोलीकडचे, तीस वर्षं मस्कतात. मी त्यांना भाई म्हणायचे, ते मला ताई.

"भाई, तंगूस दाखवा."

"चाळीस नंबर देऊ का साठ?"

"बर्फातला."

भाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "मासं बर्फात ठेवायचं हाय तर पेटी लागंल, ताई. दोरा कशाला?"

"तसं नाही हो. तळं गोठतं. त्याला भोक पाडून गरवायचं."

"कोन गरवनार?"

"माझी नात. कॅनडात."

"कॅनडात गरवनार, आनि दोरा हमरियातून?"

"का? तुमचा माल वाईट आहे?"

"माल फस्क्लास हाय." भाई जरा दुखावले. "पन माज्या दुकानातला ए.सी. बंद पडला का ही रिळं उन्हानं मऊ पडतात. बर्फाचं मला काय इचारताव?"

"मग दोघं मिळून विचार करू," मी म्हटलं आणि स्टुलावर बसले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. खरं म्हणजे मला उठायचंही नव्हतं. तिथे माणूस मराठी बोलत होता.

माझं मत साठ नंबरचं. जाड, दणकट, सुरमई ओढली तरी तुटणार नाही असा. नातीच्या हाताला मोठा मासा लागला आणि दोरा तुटला तर तिची मैत्रीण काय म्हणेल? भाईंचं म्हणणं उलट. बर्फाखालचा मासा थंडीनं सुस्तावलेला असणार, तो काही ओढाताण करायचा नाही. उलट जाड दोरा बघून तोंडच लावायचा नाही.

"बारीक घेवा, ताई. अठरा नंबर."

"अठरा? त्यानं बटण शिवतात!"

"मासा आळशी हाय तिकडचा."

"तुम्ही कधी बघितलात?"

"तुमी बघितलाव?"

शेवटी भाईंनीच तोड काढली. म्हणाले, सगळ्यांतला थोडा थोडा न्या आणि घरी बघा. चार प्रकारचे तुकडे त्यांनी कापले, प्रत्येकी दोन वाव. दोन्ही हात पसरले की होतं ते एक वाव. दुकान एवढंसं की मोजताना त्यांचा हात दर वेळी लटकवलेल्या बादल्यांवर आपटायचा.

घरी आले आणि मी फ्रीजरची प्रयोगशाळा केली. चारही तुकडे भिजवले, नातीच्या राहून गेलेल्या पेन्सिली होत्या त्यांच्यावर गुंडाळले, प्रत्येकाला चिठ्ठी बांधली आणि सुरमईच्या डब्यावर मांडून ठेवले. फ्रीजरच्या दारावर उणे अठरा असा आकडा होता. मुलगी सांगायची, तिच्याकडे कधी कधी त्याच्याही खाली जातं. तिथे माणसं कशी राहत असतील ह्याचा विचार मी त्या दिवशी प्रथमच नीट केला. फ्रीजरमध्ये हात घालून मनातल्या मनात शंभरापर्यंत मोजायचं ठरवलं. चाळीसला काढून घेतला.

सकाळी उठल्याबरोबर आधी फ्रीजर, मग चहा. साठ नंबरची पेन्सिल सोडली तर तंगूस गादीतल्या स्प्रिंगसारखा उडाला आणि माझ्या कपाळाला लागला. ओढून सरळ करावा तर पुन्हा गुंडाळी. चाळीस नंबरची जिलबी झाली. तिसरा होता वेणीसारखा विणलेला, भाईंच्या दुकानातला सगळ्यांत महाग. त्यानं पाणी पिऊन घेतलं होतं, त्यामुळे तो उदबत्तीसारखा ताठ उभा राहिला. आणि अठरा नंबर, तो बटणाचा दोरा, निमूटपणे सुटला आणि सरळ खाली लोंबला.

एवढ्यावर थांबेल तर ती मी कसली! दोऱ्यावर बर्फाचे मणी धरले होते, ते धरू नयेत म्हणून मी अठरा नंबरला तेल लावायचं ठरवलं. खोबरेल. आमच्याकडे लाकडाला, लोखंडाला, केसांना, कशालाही काही झालं की खोबरेल. दुसऱ्या दिवशी काढला तर दोऱ्यावर पांढऱ्या मेणाचा थर. मेणबत्तीची वात झाली होती त्याची. खोबरेल थिजतं हे मला नवं होतं का? पण हात आधी गेला, डोकं नंतर.

हे सगळे दिवस मी अगदी मजेत होते, हे कबूल करायला हवं. सकाळी उठायला कारण होतं. पातेल्यात पाणी गोठवून त्याला बत्त्यानं भोक पाडणं, त्यातून दोरा सोडणं, घड्याळ लावून पुन्हा काढणं. मधेच मी मोठ्यानं बोलायची, "आता बघू हं," आणि मग आपण कुणाला सांगतोय हे लक्षात येऊन पुढचं वाक्य हळू बोलायची.

गुरुवारी हे आले, आणि पाण्यासाठी बर्फ काढायला गेले.

"अगं, सुरमईवर हे केस कुणाचे?"

"केस नाहीत. तंगूस आहे."

"आणि बर्फाचा ट्रे?"

"त्यात प्रयोग चाललाय."

ह्यांनी गार पाण्याचा नाद सोडला आणि सगळी हकीकत ऐकून घेतली. जन्मभर पोलादात काम केलेला माणूस. म्हणाले, "थंडीत पोलादसुद्धा कडक होऊन तडकतं. बारीक आणि मऊ तोच बरोबर. तुझा दुकानदार शहाणा आहे. पण तिला सांगून टाक ना सरळ, की मला ह्यातलं कळत नाही, तिकडेच घे."

"ती म्हणाली, मला माझा लाईन न्यायचाय."

"पोरीला दोरा नकोय गं."

"मग काय हवंय?"

"ते तू शोध. मला भूक लागलीय."

भाईंकडे जाऊन मी अठरा नंबरचं आख्खं रीळ घेतलं. भाईंनी नुसतं "बघा" एवढंच म्हटलं, पण ते ज्या तऱ्हेनं म्हटलं त्यावरून ते पुढचे दोन महिने तरी मला ऐकवणार हे दिसत होतं.

आता पाठवायचं कसं? आखातातला आपला माणूस पोस्टात जात नाही. तो विचारतो, कुणी जातंय का? मी इथल्या मराठी मंडळाच्या बायकांना फोन केले, आणि कुरुमला राहणारं एक जोडपं कॅनडाला नवऱ्याच्या भावाकडे निघालंय असं कळलं. टॅक्सी करून गेले. त्या बाई चाळिशीच्या, बॅगा भरत बसलेल्या, शेजारी वजनाचा काटा.

"काकू, फोनवर तुम्ही दोरा म्हणाला होतात."

"दोराच आहे."

त्यांनी पिशवी काट्यावर ठेवली. "अडीच किलो?"

"दोरा फुटू नये म्हणून भोवती थोडे लाडू आहेत. आणि आमसुलं. आणि कुळथाचं पीठ, पण ते अगदी थोडं."

त्या हसल्या आणि घेतलं त्यांनी सगळं. पत्ता वाचताना मात्र त्यांचा चेहरा बदलला. त्यांच्या दिरांच्या गावापासून माझ्या लेकीचं गाव विमानानं अडीच तासांवर. माझ्या डोक्यात कॅनडा म्हणजे रुवी आणि हमरिया: गल्ली ओलांडली की पलीकडे. त्या भल्या माणसांनी तिथून ते पार्सल पोस्टानं पाठवलं. म्हणजे जे पोस्ट मी इथे टाळलं तेच तिकडे त्यांच्या खर्चानं झालं. आठवलं की अजून कानकोंडं व्हायला होतं.

तलावावर जायचा दिवस शनिवार ठरला होता. रीळ गुरुवारी पोचलं. त्या रात्री मी नातीला आवाजाचा निरोप पाठवला. चार वेळा म्हटला, तीन वेळा पुसला. चौथा माझ्या कानाला एखाद्या जाणत्या खलाशासारखा वाटला: "दोरा पहिल्या बोटावर ठेवायचा. मासा आला की आधी बोटाला कळतं. डोळ्यांचं ऐकू नकोस, बोटाचं ऐक."

तिचं उत्तर आलं: "ओके आजी!!" दोन उद्गारचिन्हं होती. मी ह्यांना दाखवली.

शनिवारी पाच वाजता हे सोहारला निघाले. जाताना म्हणाले, "आज तुझी परीक्षा." मी म्हटलं, "परीक्षा तिची, माझी कसली?" मग दार लावलं. शनिवारी दार लावल्यावर घर जसं होतं तसं झालं. समोरच्या मशिदीतली मगरीबची, दिवस मावळतानाची बांग होऊन गेली. दिवा लावायला उठावं की आणखी थोडं बसावं अशा बेतात मी होते, तेवढ्यात फोन वाजला. तिच्याकडे सकाळचे साडेआठ.

पडद्यावर आधी नुसतं पांढरं. मला वाटलं, फोन बिघडला. मग त्या पांढऱ्यातून तिचं लाल नाक आलं.

"आजी." आवाज रडवेला. "माझा फिंगर."

"काय झालं बोटाला?"

"तू सांगितलं ना, फिंगरवर लाईन ठेव. म्हणून मी ग्लव्ह काढला. मग फिंगर व्हाईट झाला. पूर्ण. मला काही फील होत नव्हतं. मग फ्रेंडची आई ओरडली. तिनं माझा हात तिच्या जॅकेटमधे घेतला. ती म्हणाली, हू टोल्ड यू टू डू दॅट? मी म्हटलं, माय आजी."

मला माझ्या हाताचं चाळीसपर्यंत मोजणं आठवायला हवं होतं. फ्रीजरमध्ये दोरा ठेवला, तेल ठेवलं, पातेलं ठेवलं. बोटाचा विचार केला नाही. आमच्या खडकांवर बोट भाजेल, सोलेल, पण गोठेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

"आता कसं आहे बोट? हलतंय?"

"हलतंय. दुखतंय. तिची आई म्हणाली, इट्स ओके आता."

"आणि ती? मैत्रीण?"

"ती त्या दुसऱ्या होलवर गेली." नातीनं नाक ओढलं. "आजी, मी आता काय करू? ग्लव्ह घालून बोटाला कसं कळतं?"

सबबी माझ्याकडे तयार होत्या. दोरा पोस्टात बिघडला असेल, तिकडचे मासे वेगळे, तू नीट ऐकलं नाहीस. साठ वर्षांत मी अशा सबबींवरच घर चालवलं होतं. एक तर ओठांपर्यंत आलीही होती. पण ती पडद्यात तोंड घालून वाट बघत होती, खडकावर बघायची तशी, आता आजी सांगेल म्हणून.

"बाळा, मला माहीत नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"बर्फातलं मला काही येत नाही. मी कधी गोठलेलं तळं बघितलेलं नाही. मी बर्फ बघितलाय तो फ्रीजमधला. हा दोरासुद्धा मी सुरमईशेजारी ठेवून निवडला."

तिकडे वारा वाजत होता.

"मग तू का सांगितलं?"

"तू विचारलंस म्हणून."

तिच्या भुवया वर गेल्या. रागावली की तिची आई अशीच दिसायची. मग म्हणाली, "आजी, यू लाईड."

"हो. खोटं बोलले."

"सुरमईशेजारी?"

"डब्यावर. आजोबांना वाटलं, केस आहेत."

ती हसली. आधी नाकातून, मग सगळी. आणि म्हणाली, "थांब. मी तुला दाखवते."

तिनं फोन खाली वळवला. बर्फात ताटलीएवढं गोल भोक आणि त्यात पाणी काळंभोर, विहिरीसारखं. त्यावर सारखा बर्फाचा चुरा धरतो, तो काढावा लागतो, म्हणून तिनं एक भोकाभोकाचा मोठा चमचा दाखवला.

"अगं, हा तर झारा!"

"काय?"

"झारा. भजी काढायचा."

"झारा," ती म्हणाली. मग त्यानं चुरा काढत पुन्हा, "झारा, झारा." तिचा तो लहानपणचा र मी आठ महिन्यांत ऐकला नव्हता. तिनं सांगितलं, इथे कुणी दोरा हातात धरत नाही. हातभर लांबीची काठी असते, तिचं टोक लवलवतं, ते हललं की समजायचं. तिची काठी मैत्रिणीच्या बाबांनी दिली होती. आपलं रीळ तिनं त्यावर चढवून घेतलं होतं. "लाईन चांगला आहे, आजी. कर्ल नाही होत. पण दिसत नाही. स्नोमधे सगळा व्हाईट. इकडे लोक ऑरेंज घेतात." हे मला सुचलं नव्हतं. भाईंनाही नव्हतं.

ती बोलत राहिली. बर्फ किती जाड, तो मोजतात कसा, मोटार बुडत नाही ती का, मध्येच बर्फ आतून कसा ओरडतो आणि ती पहिल्यांदा कशी घाबरली. शब्द अडले की इंग्रजी घालायची आणि पुढे जायची. मी मधेमधे "मग?" एवढंच म्हणत होते.

तेवढ्यात बर्फावर करकर पावलं वाजली आणि दुसरा एक आवाज आला, इंग्रजीत. कुणाशी बोलतेस? नात म्हणाली, आजीशी. ती मुलगी म्हणाली, ती एक्सपर्ट? आणि माझी नात, जिला मी भरवली, न्हाऊ घातली, खडकांवर नेली, ती आनंदानं ओरडली, "नो! शी डझन्ट नो एनीथिंग!"

दोघी खदखदा हसल्या. मग पडद्यावर लाल टोपीतला एक गोरा चेहरा आला, त्याच्या दातात फट होती. त्यानं मला "हाय" केलं. मीही केलं. चेहरा गेला तो लांब गेला नाही. हसणं जवळूनच येत राहिलं.

"आजी, आजी, टिप हलतंय! वन सेकंद!"

पडदा काळा झाला. तिनं फोन जॅकेटच्या खिशात टाकला होता. बंद करायचं विसरली.

मी "हॅलो" म्हटलं नाही. आधी कापड घासल्याचा आवाज, मग पावलं, मग दोघींचं भराभर इंग्रजी. एखाददुसरा शब्द कळायचा, बाकीचा वाहून जायचा. कुणीतरी "पुल, पुल" म्हणालं. मग दोघी एकदम किंचाळल्या आणि मोठी माणसंही काहीतरी म्हणाली. मला फार विचारावंसं वाटलं. पण मी विचारलं असतं तर तिला फोन आठवला असता, आणि तिनं "बाय आजी" म्हणून ठेवला असता.

म्हणून मी बसून राहिले. खोलीत अंधार झाला होता, दिवा लावायला उठले नाही. पलीकडच्या बिल्डिंगमध्ये एकेक खिडकी उजळत होती. मधे ह्यांचा फोन येत असल्याची टुकटुक झाली, ती होऊ दिली. खिशात ती चालायची, थांबायची, हसायची. एकदा तिनं काहीतरी गुणगुणलं, ते गाणं मला माहीत नव्हतं. तिचा सगळा दिवस तिथे माझ्याशिवाय नीट चालला होता, आणि तो ऐकायला मिळत होता, हेच त्यातल्या त्यात बरं.

किती वेळ गेला कोण जाणे. फोन आपोआप बंद झाला. थंडीत बॅटरी लवकर मरते, हे मला नंतर कळलं.

ह्यांचा फोन आला तेव्हा हे सोहारच्या खोलीवर पोचले होते.

"तासभर लावतोय. कुणाशी बोलत होतीस एवढं?"

"बोलत नव्हते. ऐकत होते."

"मिळाला का मासा पोरीला?"

"कुणाला तरी मिळाला," मी म्हटलं. "दोघी ओरडल्या."